एकशेसतराव्याचं बारसं

जनुकाचं बारसं करायची कल्पना डॉ. दिनानाथांची नव्हती. त्यांच्या नावावर जमा असलेल्या कल्पनांपैकी एकही त्यांची नव्हती, त्यामुळे ह्यात नवल काही नाही. ही कल्पना त्यांच्या मातोश्रींची. मालतीबाई संस्थेच्या अध्यक्षा होत्या, कारण संस्था ज्या मजल्यावर होती तो मजला त्यांचा होता. मुलगा पंचावन्नाचा झाला, लग्न केलं नाही, पाळणा माळ्यावर धूळ खात पडला. अशात एके दिवशी जेवताना मुलगा म्हणाला, "आई, आम्हाला एक जनुक सापडलंय. अजून नाव ठेवलेलं नाही." झालं. मालतीबाईंनी त्याच संध्याकाळी पाळणा खाली उतरवला आणि त्याच्या पितळी कड्या चिंचेने घासायला घेतल्या.

संस्था महाप्याला. आयटी पार्कचा चौथा मजला. एका बाजूला कॉल सेंटर, दुसऱ्या बाजूला जिम आणि मधल्या हॉलमध्ये, दिव्यांच्या उजेडात, भात. पलीकडे कुणी डंबेल आपटलं की इकडे रोपं हलायची. डॉ. दिनानाथ पाहुण्यांना सांगायचे, "आम्ही नैसर्गिक वाऱ्याचीही सोय केली आहे."

ह्या भातावर रंजिताची पीएच.डी. पाच वर्षं चालू होती. विषय लांबलचक होता, पण तिला कुणी लग्नात वगैरे विचारलं तर ती थोडक्यात सांगायची. भाताच्या पेशीत हजारो जनुकं असतात. त्यातली बरीचशी बिचारी राबणारी. कुणी साखर बनवतं, कुणी हिरवा रंग, कुणी मुळांची कामं बघतं. आणि काही घराणी अशी, की ती फक्त हुकूम तयार करतात. तू चालू हो, तू बंद हो, तू जरा बाहेर थांब. शास्त्रात त्यांना नियामक जनुकं म्हणतात. रंजिता साहेब म्हणायची.

तिच्या वाट्याला आलेल्या घराण्यात दीडशेच्या आसपास साहेब होते. इतके साहेब आले कुठून, तर कोट्यवधी वर्षांपूर्वी, भात, गहू, ज्वारी ही भावंडं वेगळी निघायच्या आधी, त्यांच्या एका गवती पूर्वजाच्या पोटात सगळ्या जनुकांची एकदम दुसरी प्रत निघाली. म्हणजे प्रत्येक साहेबाला एक जुळा साहेब. पुढे त्यातल्या काहींनी काम वाटून घेतलं, काहींनी नवीन खातं शोधलं, बरेचसे नाहीसे झाले आणि उरलेले नुसतेच टेबल अडवून बसले ते आजतागायत. हे सगळं उलगडायला रंजिताला तीन वर्षं लागली. संस्थेत आकडेमोड बघणारी तिची मैत्रीण नफिसा, ती उरणची, सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "एवढी तीन वर्षं कशाला घालवलीस? आपल्या स्टाफच्या नावांचा फळा बघायचास ना."

तर ह्या दीडशे साहेबांत एकशेसतरा नंबरचं जनुक निघालं कर्तबगार. रंजिताचं गाव जासई. तिकडच्या खारजमिनीत पूर्वी राता नावाचा लाल भात व्हायचा, खाडीचं पाणी शिरलं तरी न मरणारा. आता शेतांवर कंटेनर उभे आहेत, पण तिच्या नामाकाकाने आपल्या यार्डाच्या कडेला, दोन कंटेनरांच्या फटीत, पलंगाएवढा राता अजून ठेवला होता. देवीला नव्या भाताचा नैवेद्य त्याचाच लागतो, बासमती दाखवला तर घरात कुणाला तरी ताप येतो, असा घराण्याचा अनुभव. त्याच राताचं बियाणं रंजिताने महाप्याला आणलं. रोपं दोन ट्रेमध्ये लावली, एका ट्रेला साधं पाणी, एकाला खारं. पानं कापून कुठलं जनुक किती बोलतंय ते मोजलं. एकशेसतरा साध्या पाण्यात गप्प, आणि खाऱ्या पाण्यात चाळीस पट बोलत होतं.

एकदा नाही, तीन वेळा. निबंध परदेशी नियतकालिकाकडे गेला. डॉ. दिनानाथांचं नाव पहिलं, रंजिताचं शेवटून दुसरं. शेवटचं मालतीबाईंचं, जागेच्या सौजन्याने.

बारशाची तारीख ठरल्यावर डॉ. दिनानाथांनी रंजिताला केबिनमध्ये बोलावलं.

"आईने पाहुणे बोलावलेत. बियाणं कंपन्यांचे लोक येतील. आता बारशात आत्या लागते. मी जनुकाचा पिता, आणि तुम्ही मला बहिणीसारख्या. तेव्हा आत्या तुम्ही. पाळण्यात वाकायचं, कानात नाव सांगायचं, मग मोठ्याने म्हणायचं."

"सर, जनुकाला कान नसतो."

"ट्यूबला झाकण आहे ना? त्या बाजूने सांगा." त्यांनी एक कार्ड पुढे केलं. त्यावर सोनेरी अक्षरांत जनुकाचं नाव होतं, 'दिनानाथ-१'. "आणि बारसं पार पडलं की लगेच तुमच्या प्रबंधावर सही करतो. जूनमध्ये तुम्ही डॉक्टर."

पाच वर्षांत सहीचा विषय त्यांनी आपणहून काढला नव्हता. रंजिता कार्ड घेऊन बाहेर आली तेव्हा तिला खरोखरच आत्या झाल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी जासईहून नामाकाकाचा फोन आला. नामाकाका यार्डाचं भाडं घ्यायचा आणि उरलेल्या वेळात लोकांचं अभिनंदन करायचा. नाक्यावरचा होर्डिंगचा सांगाडा त्याचाच होता, त्यामुळे अभिनंदनाला तोटा नव्हता.

"गो रंजे, तुजा होर्डिंग लावलाय. तुजा फोटो मदी हाय. माजा जरा मोटा हाय, बाजूला."

"काय लिहिलंय काका?"

"'जासईच्या राताला जनुक मिळाल्याबद्दल डॉक्टर रंजिता हिचे हार्दिक अभिनंदन.'"

"काका, जनुक होतंच. मिळालं नाही. आणि मी अजून डॉक्टर नाही झाले."

"व्हशील गो! फ्लेक्स फाटायच्या आदी व्हशील."

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग नियतकालिकाच्या तज्ज्ञांनी एक बारीकशी मागणी केली. प्रयोग आणखी एकदा करून दाखवा. रंजिताने पुन्हा दोन ट्रे लावले. पानं कापायचा दिवस उजाडला आणि नेमके डॉ. दिनानाथ नव्हते. बारशाचे फोटो येणार म्हणून ते वाशीला एका क्लिनिकमध्ये डोक्यावर केसांची लावणी करून घ्यायला गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी आठवडाभर मान खाली घालायची नाही असं सांगितलं होतं. तशी दिनानाथांनी ती पूर्वीही घातली नव्हती. रंजिताने दोन्ही ट्रेची पानं सकाळीच कापली, द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवली आणि मशीनला लावली.

एकशेसतरा गप्प होतं. साध्या पाण्यात गप्प, खाऱ्यात गप्प. चाळीस पट सोडा, दीड पटही नाही.

रंजिताने पुन्हा मोजलं. रसायन बदललं. मशीनला शिव्या दिल्या, मग मशीनची माफी मागितली. शेवटी नफिसाच्या टेबलाशी जाऊन बसली. नफिसा समोसा खात होती.

"माझी वाट लागली," रंजिता म्हणाली. "रविवारी बारसं आणि पोर मुकं निघालं."

"टेन्शन नको घेऊस. आधी सांग, ह्या वेळी काय वेगळं केलंस?"

"काहीच नाही गं. उलट ह्या वेळी सगळं नीट केलं. साहेबपण नव्हते मधे मधे करायला."

नफिसा चावायची थांबली. "साहेब नव्हते?"

"नव्हते."

"साहेब असतात तेव्हा काय होतं?"

"होतं काय! खाऱ्या ट्रेची पानं ते स्वतः कापतात. कोट घालून. रीलसाठी."

"किती वाजता?"

"जेवून, डुलकी काढून आले की. तीन-सव्वातीन."

"आणि साध्या पाण्यातली?"

"ती मी. सकाळी आल्या आल्या. तेवढंच काम उरकतं."

नफिसाने समोसा खाली ठेवला. अर्धा समोसा खाली ठेवलेली नफिसा रंजिताने कधी पाहिली नव्हती.

"म्हणजे तीनही वेळा एक ट्रे सकाळचा आणि एक दुपारचा? यार रंजू. तुम्ही मीठ मोजलंच नाही. तुम्ही दुपार मोजलीत."

 झाडाला आपलं आतलं घड्याळ असतं, जनुकं त्या घड्याळाबरहुकूम उठतात-बसतात, हे रंजिताने स्वतः बीएस्सीच्या मुलांना शिकवलं होतं. शिकवताना छान आकृतीसुद्धा काढली होती. आणि प्रयोगाच्या वेळी तिने काय केलं, तर साहेबांचं जेवण ज्या वेळेला संपतं त्या वेळेला विज्ञान सुरू होऊ दिलं. दर वेळी कॅमेरा तिनेच धरला होता. एकदा तर "सर, थोडं डावीकडे" असंही म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी दोघींनी मीठ पूर्ण बाजूला ठेवलं. साध्या पाण्यातली रोपं घेतली आणि सकाळपासून तासातासाला पानं कापली. एकशेसतरा सकाळी गप्प, दुपारच्या जेवणाला गप्प आणि तीनच्या ठोक्याला चाळीस पट. संध्याकाळी पुन्हा शांत. खात्री करायची म्हणून त्यांनी एक ट्रे दिवाळीचे कंदील ठेवायच्या कपाटात, मिट्ट काळोखात ठेवून दिला. तिथेही दुसऱ्या दिवशी तीनला एकशेसतरा उठून बसलं. ना ऊन, ना मीठ, ना साहेब.

"चहाची सवय असेल," नफिसा म्हणाली.

शनिवारी डॉ. दिनानाथ आले. डोक्यावर शस्त्रक्रियेची निळी टोपी होती, तिच्याखाली नवीन रोपवाटिका. रंजिताने लॅपटॉप उघडून त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मान ताठ ठेवूनच ऐकलं.

"म्हणजे जनुक दुपारी चालू होतं," ते म्हणाले.

"हो सर."

"आणि खाऱ्या पाण्यातही दुपारी चालू होतं."

"कुठल्याही पाण्यात सर. कपाटातसुद्धा."

"मग चुकलं काय? लिहा, भाताला मिठाची गरज दुपारी जास्त भासते."

"सर, हे जनुक मिठाला काही विचारतच नाही. निबंध मागे घ्यावा लागेल."

"रंजिता," डॉ. दिनानाथ आवाज खाली आणून म्हणाले, "पाळणा सजलाय. आईने ट्यूबच्या मापाचं झबलं विणलंय. टोपरंसुद्धा. पंच्याऐंशीची बाई आहे ती. तुम्ही तिला सांगणार का, की नातू झालाच नाही? उद्या कार्डावरचं नाव घ्यायचं. घेतलंत तर संध्याकाळी सही. नाही घेतलंत, तर प्रबंधासाठी नवीन मार्गदर्शक शोधा. आणि नवीन भातसुद्धा."

रात्री खांदेश्वरच्या खोलीवर रंजिताने कार्ड टेबलावर ठेवलं. मग उलटं ठेवलं. मागच्या बाजूलाही डॉ. दिनानाथच होते, फोटोत.

रविवारी दुपारी हॉल भरला. कॉल सेंटरवाल्यांनी ब्रेक घेतला होता, जिमवाले घुगऱ्यांत प्रोटीन किती विचारत होते. बियाणं कंपन्यांचे लोक पहिल्या रांगेत कोट घालून बसले होते. नामाकाका जासईहून पांढऱ्या गाडीतून, पांढऱ्या कपड्यांत, सोन्यासकट आला होता. त्याने येतानाच दारावरचं बॅनर निरखलं आणि "अक्षर बारीक झालं" असं मत दिलं.

मधोमध पाळणा. त्याला झेंडूच्या माळा, आत बर्फाची पिशवी, बर्फावर छोटीशी गादी आणि गादीवर करंगळीएवढी ट्यूब, निळं झबलं-टोपरं घालून. दृष्ट लागू नये म्हणून मालतीबाईंनी तिला काजळाची तीट लावली होती, त्यात एकशेसतरा हा आकडा झाकला गेला होता. आजूबाजूच्या बायकांनी पाळणा म्हटला. बाळाच्या रूपाचं वर्णन असलेली कडवी कुणाला म्हणवेनात, ती गाळली.

मग पडद्यावर रील सुरू झाली. 'एका पित्याची तपश्चर्या.' पहिल्या प्रयोगातले डॉ. दिनानाथ कोट घालून खाऱ्या ट्रेवर वाकून पान कापत आहेत. दुसऱ्या प्रयोगातले डॉ. दिनानाथ. तिसऱ्यातले. तिन्हीकडे त्यांच्या डोक्यामागे भिंतीवरचं तेच घड्याळ दिसत होतं. एका सत्कारात मिळालेलं, तबकडीवर त्यांचाच फोटो असलेलं. ते फ्रेममध्ये आलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट. तिन्ही वेळा छोटा काटा तीनच्या घरात, त्यांच्या छापील कानापाशी.

मागच्या रांगेत नफिसा खोकली.

"चला, आत्याबाई!" मालतीबाई म्हणाल्या. रंजिताला त्यांनी हाताला धरून पाळण्याशी आणलं. डॉ. दिनानाथ पलीकडे उभे होते, टोपीत, हसत. त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात पेन होतं. सहीचं.

रंजिता पाळण्यात वाकली. बर्फाचा गारवा तोंडाला लागला. तिच्या मनात आलं, जूनमध्ये डॉक्टर. फ्लेक्स फाटायच्या आधी. मग कंपनीवाले हे जनुक घेऊन बियाणं काढतील, पाकिटावर खारजमिनीचा फोटो छापतील, लोक ते खाऱ्या पाण्यात पेरतील आणि ते दुपारी तीनला अतिशय उत्साहाने मरेल. तिने टोपऱ्याखालच्या झाकणाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं. मग उभी राहिली.

"कुर्रर्र," ती म्हणाली. "दुपारी."

बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. डॉ. दिनानाथांनीही पुढे हात केला होता, पण त्यांचा बुक्का रिवाजातला वाटत नव्हता, म्हणून नफिसा मधे आली.

"दुपारी? हे कसलं नाव?" मालतीबाई.

"आजी, हे जनुक रोज दुपारी तीनला जागं होतं म्हणून. मिठाचं आणि त्याचं काही नातं नाही. आम्हाला वाटलं होतं तसं, कारण साध्या पाण्यातली पानं मी सकाळी कापत होते आणि खाऱ्यातली सर दुपारी." तिने पडद्याकडे हात केला. रील संपून शेवटच्या चित्रावर थांबली होती. "घड्याळ बघा. चूक माझीपण आहे. कॅमेरा मीच धरला होता. निबंध मागे घेत असल्याचं पत्र मी सकाळीच नियतकालिकाला पाठवलंय."

हॉलमध्ये सगळ्यांनी घड्याळ बघितलं. पहिल्या रांगेतल्या कोटांपैकी एकाने घुगऱ्यांची वाटी खुर्चीखाली ठेवली आणि फोन आल्यासारखं करत तो बाहेर गेला. मग दुसऱ्यालाही तोच फोन आला.

"आई, ही मुलगी—" डॉ. दिनानाथांनी सुरुवात केली.

"थांब रे," मालतीबाई म्हणाल्या. त्यांनी ट्यूब पाळण्यातून उचलली आणि टोपरं नीट केलं. "रोज वेळेवर उठतं?"

"रोज," रंजिता म्हणाली. "काळोखातसुद्धा."

"कुणी न उठवता?"

"कुणी न उठवता."

मालतीबाईंनी आधी ट्यूबकडे आणि मग मुलाकडे बघितलं. "आमच्या घराण्यात हे पहिलंच," त्या म्हणाल्या. "नाव दुपारीच राहू दे. बापाचं नाव पोराला देतात का कधी? घुगऱ्या वाटा."

नामाकाका मात्र उठून पुढे आला. "गो रंजे, मंग आपला राता खाऱ्या पान्यात का जगतं?"

"माहीत नाही काका."

"कोनालाच नाय?"

"अजून तरी नाही. बाकीचे साहेब नीट तपासायला लागतील."

नामाकाकाने विचार केला. त्याला विचार करताना जासईत फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. "मंग होर्डिंग बदलाय लागंल," तो म्हणाला.

डॉ. दिनानाथांनी सही केली नाही. जून आला तसा गेला. मालतीबाईंनी अध्यक्षा म्हणून ठराव केला की रंजिताला आणखी एक वर्ष द्यावं, सगळा प्रयोग पहिल्यापासून व्हावा, दोन्ही ट्रेची पानं एकाच वेळी, रात्रंदिवस दर तीन तासांनी कापावीत आणि पित्याने स्वतः हजर राहावं, कॅमेऱ्याशिवाय. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण मत एकच होतं.

जासईच्या नाक्यावर नवीन फ्लेक्स लागला. मधे रंजिता, बाजूला जरा मोठा नामाकाका, आणि खाली: 'आपला राता खाऱ्या पाण्यात का जगतो हे अजून कुणालाही माहीत नसल्याबद्दल कु. रंजिता हिचे हार्दिक अभिनंदन.' उरणला जाणारे ट्रेलरवाले तो वाचायला गाडी हळू करतात, म्हणून तिथे आता ट्रॅफिक होतं.

महाप्याला प्रयोग सुरू झाला. पहिल्या दिवशी सकाळपासून रंजिता आणि नफिसा दोन्ही ट्रेमधून एकदम पानं कापत होत्या. डॉ. दिनानाथ शेजारी स्टुलावर, नायट्रोजनचं भांडं धरून. जेवण झालं, डुलकीची वेळ झाली. पलीकडे कुणी तरी डंबेल आपटलं, रोपं हलली, डॉ. दिनानाथांचे नवे केसही किंचित हलले. भिंतीवरच्या घड्याळात छोटा काटा त्यांच्या छापील कानापाशी आला.

"सर, भांडं," रंजिता म्हणाली.

तीन वाजले होते. एकशेसतरा उठलं. डॉ. दिनानाथ उठले नाहीत.